मुख्य गडी आणि त्याच्याभोवतीचे सहा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या गड्यांचा लिलाव झाला. प्रत्येक संघाच्या गाठीला त्या वर्षी ५ कोटी रुपये होते आणि तेवढ्यात सगळा संघ उभा करावयाचा होता. हैदराबादच्या तेलुगू टायटन्सने त्यातले २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये पवन सेहरावत या एकाच चढाईपटूवर लावले. म्हणजे निम्म्याहून अधिक भांडवल एका माणसावर. तोवर कबड्डीत एवढा भाव कोणालाही मिळालेला नव्हता. हंगाम संपला तेव्हा बारा संघांच्या तक्त्यात तेलुगू टायटन्स बारावा होता. २२ सामने, त्यांपैकी विजय फक्त २.

तीच लीग, तोच हंगाम. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेतच अंतिम सामना झाला आणि पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद घेतले. पुण्याचा कर्णधार होता अस्लम इनामदार, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातला, गरिबीतून वर आलेला तरुण. त्याच्या नावावर हंगामात चढाईचे गुण होते १४२. त्याच हंगामात पवनचे चढाईचे गुण दोनशेच्या वर होते. ज्याने जास्त गुण आणले त्याचा संघ तळाला आणि ज्याने कमी आणले त्याच्या हातात चषक. हा हिशेब कसा जुळवायचा?

व्यापाराच्या पानावर कबड्डी कशाला, असे काही वाचक बंधू विचारतील. आमचे म्हणणे असे की पगारावर खेळणारा संघ ही एक पेढीच असते. भांडवल ठरलेले, माणसे बाजारभावाने घ्यायची, हंगाम साधला तर नफा, नाही तर पुढच्या हंगामापर्यंत हातावर हात. फरक एवढाच की आपला ताळेबंद वर्षातून एकदा आपल्यालाच दिसतो, त्यांचा रोज रात्री सगळ्या मुलखाला दिसतो. म्हणून त्यातून शिकणे सोपे जाते.

आणि प्रश्नही आपलाच आहे. धुळ्यातला यंत्रमागाचा कारखाना घ्या, जळगावच्या फुले मार्केटमधले कापडाचे दुकान घ्या, शिंप्याचे वर्कशॉप घ्या किंवा सोन्याची घडणावळ करणारी पेढी घ्या. प्रत्येक ठिकाणी एक माणूस असा असतो की तो आला नाही तर मालकाच्या कपाळावर आठी पडते. कारखान्यात तो मुकादम असतो, शिलाईत कटिंग मास्टर असतो, दुकानात गिऱ्हाईकाचे नाव, गाव आणि पसंती तोंडपाठ असणारा जुना सेल्समन असतो. त्याला किती द्यावे? त्याच्यावर किती विसंबावे? तो सुरतेला किंवा भिवंडीला निघून गेला तर काय? खान्देशात असा धंदा दुर्मिळ आहे की ज्याने ही चिंता केलेली नाही.

या विषयाचा सर्वात जास्त अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तिथे फुटबॉल नावाचा जो खेळ आहे तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, हातात धरून पळायचा किंवा फेकायचा. एका बाजूला अकरा गडी. त्यांच्यात एकाला क्वार्टरबॅक म्हणतात. चढाईचा जवळजवळ प्रत्येक डाव या एका माणसाच्या हातून सुरू होतो. चेंडू त्याच्याकडे येतो आणि त्यानंतर त्याला साधारण तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरच्यांची मांडणी पाहायची, आपले कोणते गडी मोकळे आहेत ते हेरायचे आणि ठरवायचे की चेंडू कोणाला द्यायचा. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. ते चेंडू क्वचितच हातात घेतात, वर्तमानपत्रात त्यांची नावे येत नाहीत. पण ते तीन सेकंद त्यांनीच मिळवून दिलेले असतात. भिंत पडली की क्वार्टरबॅक जमिनीवर, मग तो कितीही कोटींचा असो.

आपल्या मातीतला यासारखा गडी म्हणजे कबड्डीतला मुख्य चढाईपटू. नियम बहुतेकांना ठाऊक आहेत, तरी एक बाब जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण सगळा हिशेब तिच्यात दडलेला आहे. सात गडी मैदानात. चढाई ३० सेकंदांची. चढाई करणारा पकडला गेला की बाद, बाहेर जाऊन बसायचे. पुन्हा मैदानात येणे त्याच्या हाती नाही. त्याच्या संघाने गडी बाद करून गुण मिळवला की बाहेर बसलेला एक गडी जिवंत होतो. बोनस रेषेच्या गुणाने कोणी जिवंत होत नाही. आणि जिवंत होण्याचा क्रमही ठरलेला असतो: जो आधी बाद झाला तो आधी आत. म्हणजे मुख्य गडी तिसरा बाद झाला असेल तर पहिल्या दोघांना जिवंत करणारे दोन गुण आधी हवेत, त्यानंतर तिसऱ्या गुणाला त्याची पाळी. तोवर तो बाहेर बसून पाहणार. त्याची ताकद, त्याची किंमत, त्याची कीर्ती, सगळे त्याच्याबरोबर बाहेर बसलेले असते.

हे गुण आणणार कोण? आत उरलेले. दुसरा चढाईपटू एखाद्याला शिवून आला तर एक गुण, कोपऱ्यातल्या रक्षकाने समोरच्याचा घोटा धरून ठेवला तर एक गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर त्या पकडीचे दोन गुण. हे जमले नाही तर शेवटचा गडीही पडतो, लोण बसते आणि समोरच्या संघाला दोन गुण जास्तीचे मिळतात. तेव्हा ४० मिनिटांच्या सामन्यात मुख्य गडी किती मिनिटे मैदानात राहिला, हे बव्हंशी बाकीचे सहा ठरवतात.

आता पवन सेहरावतचे खाते काढून पाहू. खाते एकाच माणसाचे आहे, पेढ्या तीन आहेत.

पहिली पेढी बंगळुरू बुल्स. ५ जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात गुजरातविरुद्ध बंगळुरूचे एकूण ३८ गुण झाले, त्यांतले २२ एकट्या पवनचे. बंगळुरू विजेता. या संघात पवनच्या जोडीला कर्णधार रोहित कुमार होता आणि आपल्या सांगलीचा काशिलिंग आडकेही होता. दुसरी पेढी तमिळ थलैवाज. २०२२ मध्ये त्यांनी पवनला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात, खेळ सुरू होऊन काही मिनिटे होतात तोच, त्याचा गुडघा दुखावला. सगळा हंगाम गेला. आपण म्हणू, झाले, दिवाळे निघाले. पण तसे झाले नाही. नरेंद्र नावाचा एक नवखा मुलगा पुढे आला, त्याने हंगामात चढाईचे २४३ गुण मिळवले आणि जो संघ त्यापूर्वी कधी बाद फेरीत गेला नव्हता तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तिसरी पेढी तेलुगू टायटन्स, जिची गोष्ट आरंभी सांगितली. इथे पवन धडधाकट होता, खेळलाही उत्तम, आणि संघ शेवटचा. तो बाद होऊन बसला की त्याला उठवणारे हात आत नव्हते.

यात पवनला बोल लावावा असे काही नाही. त्याच लिलावाच्या महिन्यात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकले, त्या संघाचा कर्णधार तोच होता. माणूस खराच होता. माल खरा असला तरी तो कोणत्या दुकानात मांडला आहे यावर विक्री ठरते, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

तर मग असे म्हणायचे का की मुख्य गडी महत्त्वाचा नाही, भोवतीचे सहा चांगले असले म्हणजे पुरे? पुष्कळ मालकांना असे म्हणायला आवडते, कारण मग पगार वाढवावा लागत नाही. पण पुण्याची गोष्ट तसे सांगत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आठव्या हंगामात अस्लम इनामदार पुण्याकडून प्रथम उतरला. त्या वेळी पुण्याकडे राहुल चौधरी, नितीन तोमर अशी नावाजलेली माणसे होती. हंगाम पुढे सरकला तसा डाव अस्लम आणि मोहित गोयत या दोन नवख्या पोरांच्या हातात गेला. २०२२ मध्ये पुणे अंतिम फेरीत पोहोचले आणि जयपूरकडून ३३-२९ असे हरले. त्या वर्षी कर्णधार इराणचा फझल अत्राचली होता, कबड्डीतला फार मोठा रक्षक. पुढच्या वर्षी पुण्याने त्याला जाऊ दिले आणि कर्णधारपद अस्लमला दिले. साखळीत पुणे ९६ गुणांसह पहिले आले, नंतर चषकही घेतला. हंगामातला सर्वोत्तम चढाईपटू दिल्लीचा आशू मलिक ठरला, २७६ गुण. सर्वोत्तम रक्षक पुण्याचा शादलुई, पकडीचे ९९ गुण. पण हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू म्हणून मान मिळाला अस्लमला.

१४२ गुणांच्या माणसाला तो मान का मिळाला, हे समजून घ्यावे. एक तर तो पकडही करतो, त्या हंगामात त्याचे पकडीचे २६ गुण होते. म्हणजे स्वतः मैदानात असताना तो बाहेर बसलेल्यांना दोन्ही बाजूंनी उठवतो. दुसरे असे की, चढाईला कोणी जायचे, कोणत्या वेळी नुसते शिवून परत यायचे, दोन रिकाम्या चढायांनंतरच्या निर्णायक तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवायचे, आघाडी असताना वेळ कसा काढायचा, हे मैदानातले निर्णय त्याच्यापाशी. अमेरिकेतल्या क्वार्टरबॅकचे मोल ज्या गोष्टीला आहे तीच ही गोष्ट. जोरात फेकणारे शंभर मिळतात. कोणाला द्यायचे हे तीन सेकंदांत ठरवणारा मिळत नाही. अंतिम सामन्यात पुण्याचे सर्वाधिक गुण, ९, पंकज मोहितेने आणले, कर्णधाराने नव्हे. आमच्या नजरेला यात कर्णधाराची बढतीच दिसते.

इथे एक हरकत घेता येईल आणि ती रास्त आहे. पुण्यानेही त्याच लिलावात शादलुई या इराणी गड्यावर २ कोटी ३५ लाख लावले होते. तेही भांडवलाच्या निम्म्याला थोडेच कमी. मग पुण्याचा सौदा शहाणपणाचा आणि तेलुगूंचा वेडेपणाचा कसा? निकाल पाहून शहाणे होणे सोपे असते, हे मान्य. पण फरक आहे. पुण्याने अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत ही माणसे लिलावाच्या आधीच घरात राखून ठेवली होती. ‘युवा पलटण’ या नावाने पुण्याने तरुण गडी घडवण्याचे काम चालवले आहे. नव्या गड्याला पहिल्या वर्षांत थोडक्या पैशांत ठेवता येते. म्हणजे घर भरलेले होते, एक कोपरा रिकामा होता, त्या कोपऱ्यासाठी मोठी थैली सोडली. घर रिकामे असताना फक्त दिवाणखान्याचे झुंबर आणणे वेगळे.

आणि मुख्य माणूस गेला म्हणजे काय होते तेही पुण्यानेच दाखवले. २०२४ च्या अखेरच्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, २ कोटी ७ लाखांना. हंगाम सुरू असताना अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर पडला. पंकज होता, मोहित होता, आकाश होता, शिकवणाराही तोच होता. तरी गतविजेते पुणे पहिल्या सहा संघांत आले नाही. तिकडे हरियाणाने शादलुईला घेऊन २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्याच बालेवाडीत विजेतेपद मिळवले. २०२५ मध्ये अस्लम पुन्हा कर्णधार, पुणे पुन्हा अंतिम फेरीत. दिल्लीकडून ३१-२८ असे तीन गुणांनी हरले, तो भाग निराळा.

यावरून आमची समजूत अशी झाली आहे की सहा गडी चांगले असतील तर संघ तरतो, पण वरच्या पायरीवर नेतो तो सातवाच. नुसता सातवा असेल तर तो बाहेर बसून आपला संघ बुडताना पाहतो.

अमेरिकेतला एक दाखला इथे द्यावासा वाटतो, कारण तो जमाखर्चाच्या वहीसारखा स्वच्छ आहे. टॉम ब्रेडी नावाचा क्वार्टरबॅक वीस वर्षे न्यू इंग्लंड संघाकडे होता, त्या काळात संघाने सहा वेळा अजिंक्यपद मिळवले. २०१९ च्या हंगामात न्यू इंग्लंडचे १२ विजय आणि ४ पराभव होते. त्याच हंगामात फ्लोरिडातल्या टॅम्पा बे संघाचे ७ विजय आणि ९ पराभव. २०२० मध्ये ब्रेडी टॅम्पाला गेला. त्या हंगामात न्यू इंग्लंडचे ७ विजय, ९ पराभव. जणू एकाच्या वहीतला आकडा दुसऱ्याच्या वहीत उतरवला. आणि टॅम्पाने फेब्रुवारी २०२१ मध्ये अजिंक्यपदाचा सामना ३१-९ असा जिंकला. ब्रेडी तेव्हा ४३ वर्षांचा होता. टॅम्पाकडे भिंत होती, पळणारे होते, बचाव होता; निर्णय घेणारा नव्हता. तो मिळाला.

पण हाच ब्रेडी आला कुठून? २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक १९९ वा लागला होता. संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो होता, आणि मार्च २००१ मध्ये संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता. सप्टेंबरमध्ये ब्लेडसोला जबर मार लागला. बदली म्हणून ब्रेडी उतरला आणि जागा त्याचीच झाली. पुढे जानेवारी २००२ मध्ये अंतिम फेरीच्या आधीच्या सामन्यात ब्रेडीचा पाय दुखावला, तेव्हा जागा गमावलेला ब्लेडसोच मैदानात आला आणि त्याने तो सामना काढून दिला. आठवड्याने ब्रेडी खेळला, संघ अजिंक्य झाला. मालकाने दहा वर्षांचा करार केला तेव्हासुद्धा दुसरा माणूस तयार ठेवला होता, हे यातले महत्त्वाचे. कबड्डीतही याचा जोड दाखला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे अंतिम सामना खेळू शकला नाही. समोर दिल्लीचा नवीन कुमार, त्याने एकट्याने १८ गुण घेतले. तरी बंगाल ३९-३४ ने जिंकले, इराणच्या नबीबख्शने आणि इतरांनी ओझे वाटून घेतले. बंगालचे प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. पुढे पुण्याला चषक मिळाला तेव्हा पुण्याचे प्रशिक्षकही तेच.

आता आपल्या मुलखाकडे वळू.

धुळ्यात आम्ही कापडाच्या निमित्ताने वर्षानुवर्षे जातो. कारखान्यात गेल्यावर आमचे लक्ष मागांच्या आवाजाइतकेच मुकादमाच्या पायांकडे असते. तो कुठे कुठे फिरतो? चांगला मुकादम म्हणजे मागाचा हकीम. कानाने ओळखतो की धोटा कुठे अडखळतो आहे, बोटाने सांगतो की ताण्याचा ताण कुठे कमी आहे. अशा माणसाला आम्ही सुताच्या पोत्यांची मोजणी करताना पाहिले आहे. पिकर संपले म्हणून बाजारात धावताना पाहिले आहे. कांडी भरणारी बाई आली नाही म्हणून स्वतः कांड्या भरताना पाहिले आहे. मालक कौतुकाने म्हणतो, “आमचा मुकादम सगळी कामे करतो.” कबड्डीच्या भाषेत सांगायचे तर तो बाद होऊन बाहेर बसला आहे आणि मालक टाळ्या वाजवतो आहे. त्या तासाला चार माग बंद पडलेले असतात आणि ते चालू करणारा माणूस पिकर आणायला गेलेला असतो. हजाराचा माणूस शंभराच्या कामाला लावला तर नुकसान नऊशेचे होते, आणि ते कोणत्याही वहीत दिसत नाही.

जळगावातही तेच. लग्नसराईत बस्ता बांधायला एखादे कुटुंब गावाहून येते. त्यांच्यापुढे बसायला तो एक जुना सेल्समन हवा असतो, ज्याला माहीत आहे की या घरात आजीची पसंती चालते आणि नवऱ्या मुलाच्या बापाला भाव शेवटी विचारायचा असतो. आणि नेमका तो त्या वेळी उधारीच्या वसुलीला अमळनेर नाही तर चोपड्याला गेलेला असतो, कारण वसुलीही त्यालाच चांगली जमते. ज्याला सगळे जमते त्याच्यावर सगळे टाकायचे, ही आपल्या बाजाराची जुनी खोड आहे. वसुलीला दुसरा माणूस तयार करायला एक वर्ष लागेल. लागू द्यावे.

दुसऱ्या माणसाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. एका कारखानदार मित्राने आम्हाला विचारले, “सेठ, मुकादम शिकवतच नाही कोणाला. शागिर्द जवळ आला की पाना खिशात घालतो. काय करावे?” आम्ही म्हटले, त्याच्या जागी तुम्ही असता तर शिकवले असते का? त्याला ठाऊक आहे की पोरगा तयार झाला की मालक पहिल्याच महिन्यात हिशेब करणार, कमी पगारात काम होते तर जुना कशाला. हुनर हीच त्याची पुंजी. ती त्याने फुकट का वाटावी? आपल्याकडे उस्ताद शागिर्दाला शिकवीत असे, पण त्या काळात शागिर्द उस्तादाच्या घरचाच होऊन जात असे, उस्तादाची इज्जत आणि भाकरी दोन्ही शागिर्दाच्या कमाईबरोबर वाढत. आज ती व्यवस्था राहिली नाही, तर तिच्या जागी काही तरी दिले पाहिजे. आमच्या माहितीतल्या एका मालकाने असा रिवाज ठेवला की शागिर्द स्वतंत्रपणे दहा माग सांभाळू लागला की त्या दिवसापासून मुकादमाच्या पगारात कायमची वाढ, आणि पुढच्या प्रत्येक दहा मागांना आणखी. मुकादमाने दोन वर्षांत तीन पोरे तयार केली. पाना खिशात जाणे बंद झाले.

पेशगीबद्दलही एक गोष्ट बोलली पाहिजे, कोणाला कडू लागली तरी. हातचा माणूस जाऊ नये म्हणून त्याला मोठी उचल देऊन ठेवायची आणि ती फिटणारच नाही असे पाहायचे, ही पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. याने माणूस थांबतो, मन थांबत नाही. कर्जाने बांधलेला मुकादम मागाचा आवाज ऐकतो पण उठत नाही. आणि दुसऱ्या गावच्या मालकाने ती उचल फेडली की एका रात्रीत जातो. निर्णय घेण्याचे काम करणारा माणूस असा दोरीने बांधून ठेवता येत नाही. त्याला नफ्यात लहानसा का होईना वाटा द्यावा, तोही लिहून द्यावा, आणि वर्षअखेरीस वही त्याच्यापुढे उघडी ठेवावी. रुपयाला दोन पैसे दिले तरी चालतील. त्याला पेढीचा आकडा कळू लागला की तो बंद मागाकडे मालकाच्या नजरेने पाहतो.

पण भावाचे काय? बाहेरच्या गावाहून नामांकित कारागीर आणायचा झाला तर किती थैली सोडावी? इथे प्रत्येक धंद्याचे गणित निराळे, तरी मागावयाच्या आधी मालकाने कारखान्यात एक फेरी मारून पाहावे. सूत वेळेवर येते का? सुटे भाग कपाटात आहेत का? वही-फणीचे काम करणारा ठरलेला आहे का? आलेल्या माणसाच्या हाताखाली काम करणारे दोन हुशार पोर आहेत का? ही उत्तरे नकाराची असतील तर सर्वात महाग माणूसही तेलुगू टायटन्सच्या पवनसारखा बाहेर बसून पाहणार. ती थैली आधी या चार ठिकाणी खर्च करावी. उत्तरे होकाराची असतील तर मात्र कंजुषी करू नये, कारण अशा भरल्या घरात चांगला माणूस पहिल्याच हंगामात आपली किंमत काढून देतो.

धुळ्यातल्याच एका वयस्कर कारखानदारांची रीत आम्हाला पसंत पडली. ते ईदनंतर आपल्या मुकादमाला पगारी रजेवर आठ दिवस गावी पाठवतात. फोन करायचा नाही अशी त्यांची स्वतःला ताकीद असते. त्या आठ दिवसांत कोणता माग किती वेळ बंद राहिला, कोणत्या पोराने तो चालू केला, कोणती वस्तू सापडली नाही, हे ते एका साध्या वहीत टिपून ठेवतात. मुकादम परत आला की दोघे चहा घेत बसतात आणि ती वही वाचतात. पहिल्या वर्षी वहीची अकरा पाने भरली होती. मागच्या वर्षी अडीच.